सर जॉर्ज थॉमस : एका निर्मळ खेळाडूचे जीवनचरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, धर्मगुरूंची आणि मंदिर उभारणीसाठी झटलेल्या पुण्यवंतांची चरित्रे यावीत हे यथायोग्यच होय. अशा पवित्र मालिकेत एका खेळाडूचे चरित्र कशास, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी करतील, आणि तो अगदीच अप्रस्तुत नाही. परंतु आपल्या मंदिराच्या आवारात संध्याकाळी जाळे बांधून तरुण मंडळी जो खेळ खेळते, त्या खेळाने आपल्याला आनंद दिला तसा मनस्तापही दिला आहे. एका सामन्यातील एका गुणावरून दोन आळ्यांतील मुले महिनामहिना एकमेकांशी बोलत नाहीत, आणि रविवारी त्याच मुखांनी एकत्र प्रार्थना म्हणतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जिंकावे कसे हे शिकविणारे पुष्कळ आहेत. जोडीदाराबरोबर जिंकावे कसे आणि प्रतिस्पर्ध्याकडून हरावे कसे, हे शिकविणारे फार थोडे. त्या थोड्यांपैकी एक, बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीचे आठ वेळा अजिंक्यवीर ठरलेले सर जॉर्ज थॉमस, यांची ही जीवनकथा आहे.

या खेळाचे आणि आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. पिसांचे फूल उडवून खेळण्याची करमणूक अनेक देशांत पूर्वापार होती. परंतु जाळे बांधून व नियम घालून खेळावयाच्या खेळाला आकार आला तो इसवी सनाच्या १८७० च्या सुमारास, हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. त्यात पुण्याच्या छावणीचा वाटा इतका मोठा होता की, काही काळ या खेळाला 'पूना' याच नावाने ओळखीत. पुढे ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन नामक वाड्यावरून त्यास आजचे नाव मिळाले. १८९३ साली इंग्लंडात बॅडमिंटन संघटना स्थापन झाली आणि १८९९ साली 'ऑल इंग्लंड' या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेली स्पर्धा सुरू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या पहिल्या वर्षी एकेरीचा सामनाच नव्हता; पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि स्त्रीपुरुषांची मिश्र दुहेरी एवढेच खेळ झाले. या स्पर्धेचा आरंभच मुळी जोडीने झाला.

जॉर्ज थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ रोजी तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपलजवळील थेरापिया या गावी झाला. घराणे इंग्रज सरदारांचे होते. वंशपरंपरागत 'बॅरोनेट' हा किताब त्या घरात चालत आला होता. १९१८ साली पित्याच्या मृत्यूनंतर तो जॉर्ज यांच्याकडे आला आणि ते त्या किताबाचे सातवे धनी झाले. तथापि किताबापेक्षा मोठा वारसा त्यांना आईकडून मिळाला. मातुःश्री लेडी एडिथ थॉमस या बुद्धिबळात अत्यंत निष्णात होत्या. स्त्रियांनी पटावर बसणे हेच जेव्हा नवलाचे मानीत, त्या काळी, १८९५ साली, हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या शहरी भरलेल्या स्त्रियांच्या स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. हेस्टिंग्जचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे या कथेत ते पुन्हा यावयाचे आहे.

शरीराचा खेळ आणि बुद्धीचा खेळ यांचे सहसा जमत नाही, अशी एक समजूत आहे. जॉर्ज थॉमस यांनी ती आयुष्यभर खोटी ठरविली. टेनिस, बॅडमिंटन आणि बुद्धिबळ या तिन्ही खेळांत ते उच्च पदाला पोहोचले. टेनिसमध्ये १९११ साली विंबल्डनच्या एकेरीत शेवटच्या आठ खेळाडूंत त्यांची गणना झाली. दुसऱ्या एखाद्याला एवढ्यावरच जन्मभर मिरविता आले असते. थॉमस यांच्या चरित्रात मात्र ही गोष्ट एका ओळीत आटोपते, कारण त्यांचे खरे राज्य बॅडमिंटनच्या अंगणात होते.

१९०३ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेतील आपले पहिले अजिंक्यपद पटकाविले. ते मिश्र दुहेरीचे होते. जोडीस एथेल थॉमसन ही त्या काळची श्रेष्ठ खेळाडू होती. तिने बॅडमिंटनची एकेरी पाच वेळा जिंकली, आणि पुढे विवाहानंतर लारकोम या नावाने १९१२ साली विंबल्डनचे टेनिस अजिंक्यपदही मिळविले. १९०६ साली याच जोडीने मिश्र दुहेरी पुन्हा जिंकली. १९०७ व १९११ या वर्षी निराळ्या जोडीदारणींसह थॉमस यांनी ते पद राखले. पुरुषांच्या दुहेरीत हेन्री मॅरेट यांच्या संगतीने १९०६, १९०८, १९१० आणि १९१२ अशी चार वर्षे, व नंतर फ्रँक चेस्टरटन यांच्यासह १९१३ व १९१४ साली ते अजिंक्य ठरले. एकेरीचे पद मात्र या सर्व काळात त्यांना एकदाही लाभले नाही. म्हणजे कारकिर्दीची पहिली अकरा-बारा वर्षे त्यांनी जे काही मिळविले, ते एकट्याचे म्हणून नव्हे. प्रत्येक विजयाचा अर्धा भाग दुसऱ्या कोणाचा तरी होता.

मिश्र दुहेरी हा खेळ ज्यांनी केवळ लांबून पाहिला आहे, त्यांना तो एकेरीपेक्षा सोपा वाटतो. वस्तुतः तसे नाही. जुन्या पद्धतीप्रमाणे स्त्री जाळ्याशी उभी राहते आणि पुरुष मागचे सर्व अंगण सांभाळतो. जाळ्याजवळचे फूल क्षणार्धात येते. तेथे बळाचे काम नाही, तेथे नजर, धीर व हलका हात हवा. मागच्या खेळाडूस दिसते पुष्कळ आणि धावावे लागतेही पुष्कळ. परंतु प्रत्येक फूल आपणच मारावे हा मोह त्यास आवरावा लागतो. जोडीदारणीचे फूल हिसकावून मारणारा पुरुष एखादा गुण मिळवील, पण सामना घालवील. उलट, ज्या फुलावर जोडीदारणीला पुढे नेमका फटका मारता येईल, ते फूल प्रतिपक्षाकडून मिळावे म्हणून मागून चार कष्टाचे फटके मुकाट्याने मारीत राहणे, हे या खेळाचे मर्म होय. टाळ्या पुढच्याला मिळतात. श्रम मागचा करतो. आपल्या घरांतून व संस्थांतूनही काम याच रीतीने चालते, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

१९१४ साली थॉमस यांनी हेझल होगार्थ या खेळाडूबरोबर मिश्र दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षाच्या ऑगस्टात महायुद्धाचा भडका उडाला. १९१५ पासून १९१९ पर्यंत पाच वर्षे स्पर्धा भरलीच नाही. थॉमस हे हॅम्पशायर पलटणीत लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. खेळाडूच्या आयुष्यात तिशीतील पाच वर्षे म्हणजे पिकाच्या ऐन हंगामातील पाच वर्षे; ती गेली की बहुधा सर्वच गेले. १९२० साली स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा थॉमस अडतीस वर्षांचे होते. पुष्कळांनी त्यांचे नाव गतकाळात जमा केले असते तरी त्यात आश्चर्य नव्हते.

परंतु घडले ते निराळेच. सहा वर्षांपूर्वी ज्या जोडीने अजिंक्यपद मिळविले होते तीच जोडी, थॉमस आणि हेझल होगार्थ, पुन्हा जाळ्याच्या एका बाजूला उभी राहिली आणि पुन्हा जिंकली. १९२१ साली जिंकली. १९२२ सालीही जिंकली. एका महायुद्धाच्या अलीकडे एक आणि पलीकडे तीन, अशी चार लागोपाठ भरलेल्या स्पर्धांतील अजिंक्यपदे या दोघांनी मिळविली. मध्यंतरी किती तरुण रणांगणावर पडले, किती घरे ओस पडली. जग पालटले, पण या दोघांचा एकमेकांवरील भरवसा पालटला नाही. मिश्र दुहेरीतील थॉमस यांची आठ अजिंक्यपदे अशी पुरी झाली : १९०३, १९०६, १९०७, १९११, १९१४, १९२०, १९२१ आणि १९२२.

आणखी नवलाची गोष्ट अशी की, तारुण्यात जे एकेरीचे पद हाती आले नाही, ते प्रौढपणी आपण होऊन चालत आले. १९२० पासून १९२३ पर्यंत सलग चार वर्षे ते एकेरीचे अजिंक्यवीर होते. चौथ्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस होते. त्याच १९२३ साली त्यांनी ब्रिटनचे बुद्धिबळ अजिंक्यपदही पटकाविले. एकाच वर्षी एकाच मनुष्याने पायांचा खेळ व बुद्धीचा खेळ या दोहोंत देशाचे अग्रस्थान मिळवावे, हे आजच्या काळी कोणास खरेही वाटणार नाही. पुढे गॉर्डन मॅक व फ्रँक डेव्हलिन या आयर्लंडच्या तरुणांचे युग आले, आणि एकेरीचे पद त्यांच्याकडे गेले. थॉमस यांनी अंगण सोडले नाही. ते पुन्हा दुहेरीकडे वळले. फ्रँक हॉज यांच्यासह १९२१ व १९२४ साली मिळविलेले पुरुष दुहेरीचे पद त्यांनी १९२८ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा एकदा मिळविले. ते त्यांचे शेवटचे अजिंक्यपद. एकेरीची चार, पुरुष दुहेरीची नऊ आणि मिश्र दुहेरीची आठ, मिळून एकवीस. पहिल्या व शेवटच्या पदांमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर, आणि एकविसांपैकी सतरा पदे कोणा ना कोणा जोडीदाराबरोबर वाटून घेतलेली.

आतापर्यंत विजयांचे वर्णन झाले. परंतु मनुष्याची पारख पराजयात होते, आणि त्या बाबतीत सर जॉर्ज यांचे चरित्र अधिक बोधप्रद आहे. १९१२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या एका बुद्धिबळ मंडळात त्यांची गाठ एडवर्ड लास्कर नामक एका तरुण जर्मन परदेशस्थाशी पडली. लास्कर नुकतेच इंग्लंडात आले होते व त्यांना इंग्रजी भाषा जेमतेमच येत होती. त्या डावात लास्कर यांनी अकराव्या चालीला आपला वजीर बळी दिला, आणि थॉमस यांच्या काळ्या राजाला शहावर शह देत पटाच्या एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत, आपल्याच गोटात ओढून आणून, अठराव्या चालीला मात केली. बुद्धिबळाच्या इतिहासातील अत्यंत प्रसिद्ध डावांत त्याची गणना होते. म्हणजे थॉमस यांची ही फजिती जगभरच्या पुस्तकांत कायमची छापली गेली. भरल्या मंडळात एका अनोळखी पोराकडून असा मानभंग झाला असता दुसरा कोणी तोंड फिरवून निघून जाता. थॉमस यांनी प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची प्रांजळपणे वाखाणणी केली. त्यांचे शब्द भोवतालच्यांपैकी कोणी भाषांतर करून सांगितले तेव्हा त्या परक्या तरुणाचे अंतःकरण भरून आले, आणि पुढे अनेक वर्षांनी आपल्या ग्रंथात त्याने ही आठवण कृतज्ञतेने नमूद केली. डाव लास्कर यांनी जिंकला. पण त्या संध्याकाळचा मोठेपणा कोणाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

बुद्धिबळात त्यांचा एका हिंदी खेळाडूशीही निकटचा संबंध आला. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले मीर सुलतान खान हे १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटनचे अजिंक्यवीर झाले. आंतरराष्ट्रीय सामन्यांत इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर हा हिंदी मनुष्य आणि त्याच संघात खालच्या पटावर सरदार घराण्यातील सर जॉर्ज, असे दृश्य त्या राज्यकर्त्यांच्या काळी दिसले. सुलतान खान १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतले. १९३४ साली सर जॉर्ज दुसऱ्यांदा ब्रिटनचे अजिंक्यवीर झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते.

त्याच वर्षाच्या नाताळात हेस्टिंग्ज येथे जगातील नामांकित बुद्धिबळपटू जमले. ज्या गावी चाळीस वर्षांपूर्वी आईने मान मिळविला होता, तेथेच आता मुलगा पटावर बसला. माजी जगज्जेते कापाब्लांका यांना सर जॉर्ज यांनी हरविले. पुढे जगज्जेते झालेल्या बॉटविनिक यांनाही हरविले. शेवटच्या फेरीत केवळ बरोबरी साधली असती तरी पहिला क्रमांक एकट्याचा झाला असता. परंतु त्या फेरीत आपल्याच देशाच्या मिचेल यांच्याकडून ते हरले, आणि एउवे व फ्लोर यांच्यासह पहिल्या क्रमांकाचे वाटेकरी झाले. जन्मभर यश वाटून घेतलेल्या या मनुष्याच्या वाट्याला आयुष्यातील सर्वांत मोठे बुद्धिबळाचे यशही वाटणीचेच यावे, ही ईश्वरी योजना म्हणावी काय? पुढे १९३६ साली नॉटिंगहॅम येथे त्याहून मोठी स्पर्धा भरली. तेथे सर जॉर्ज पंधरा खेळाडूंत अगदी तळाच्या काही जणांत राहिले. मान गेला म्हणून त्यांनी पट सोडला नाही. १९३९ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते संघाबरोबर दूर ब्वेनोस आयरेसपर्यंत गेले. तेथे असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले.

आता त्यांच्या शेवटच्या व चिरस्थायी कार्याकडे वळू. ५ जुलै १९३४ रोजी इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड या नऊ देशांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज झाले, आणि १९५५ पर्यंत, एकवीस वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले. हिंदुस्थान १९३६ साली या महासंघात सामील झाला. देशोदेशीच्या पुरुष संघांनी एका चषकासाठी खेळावे ही कल्पना सर जॉर्ज यांची. १९३९ साली त्यांनी त्याकरिता चषक देऊ केला. युद्धामुळे तो जवळजवळ दहा वर्षे विजेत्याची वाट पाहत राहिला. १९४९ साली इंग्लंडातील प्रेस्टन येथे पहिला अंतिम सामना झाला आणि मलायाच्या संघाने डेन्मार्कला ८-१ असे हरवून तो आशियात नेला. इंग्रज सरदाराने दिलेला चषक इंग्लंडला आजतागायत एकदाही मिळालेला नाही. देणाऱ्याने देताना स्वतःच्या घराचा हिशेब केला नव्हता, याचा याहून उत्तम पुरावा कोणता?

पुढे स्त्रियांच्या संघांसाठीही बेटी उबर यांनी असाच एक चषक दिला, आणि १९५६-५७ साली त्याची पहिली स्पर्धा झाली. योगायोग असा की, ऑल इंग्लंड स्पर्धेत बेटी उबर यांचीही मिश्र दुहेरीची अजिंक्यपदे नेमकी आठच. पुरुषांचा एक चषक आणि स्त्रियांचा एक. त्या दोहोंत मिश्र दुहेरीचा सामना नाही, परंतु दोहोंवर नावे कोरली आहेत ती आठ आठ वेळा मिश्र दुहेरी जिंकणाऱ्यांची. जोडीदाराचा विचार करावयाची ज्यांना सवय लागली, त्यांनाच सर्वांसाठी काही ठेवून जाण्याची बुद्धी झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

सर जॉर्ज यांनी विवाह केला नाही. २३ जुलै १९७२ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले आणि वारसाअभावी त्यांच्या घराण्याचा किताबही त्यांच्याबरोबर लयास गेला. सात पिढ्यांची सरदारकी संपली. उरला तो चषक. पन्नास वर्षांनी, १५ मे २०२२ रोजी, बँकॉक येथे भारताच्या संघाने इंडोनेशियाला ३-० असे हरवून तो प्रथमच जिंकला. त्या दिवशी दुहेरीच्या सामन्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्या जोडीने आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी खेळला. हरण्याच्या अगदी काठावरून ही जोडी परतली. ज्या खेळाला पुण्याच्या छावणीत आकार आला, त्या खेळाचा थोर चषक दीडशे वर्षांनी या भूमीत आला.

वाचकहो, ही कोणा संताची कथा नव्हे आणि तसा आव आणण्याचा हेतूही नाही. तथापि संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूचे उदाहरण घेण्यात कमीपणा मानला नाही, आणि धन्याने चाकरांच्या हाती सोपविलेल्या ठेवीचा दाखला तर स्वतः प्रभूनेच दिला आहे. सर जॉर्ज यांच्या हाती शरीर, बुद्धी व कुल अशी तीन प्रकारची ठेव आली होती. त्यांपैकी कुलाची ठेव काळाने परत घेतली. उरलेल्या दोन त्यांनी पुरून ठेवल्या नाहीत, एकट्याने भोगल्याही नाहीत. जोडीदाराला पुढे उभे केले, जिंकणाऱ्याला शाबासकी दिली, आणि जाताना अंगण सर्वांसाठी मोकळे ठेवले.

महोत्सवाच्या सामन्यांसाठी आपल्या आवारात पुन्हा जाळे बांधले जाईल. कोणी जिंकेल, कोणी हरेल. जो हरेल त्याने जाळ्याशी येऊन जिंकणाऱ्याच्या चांगल्या फटक्याची मोकळ्या मनाने वाखाणणी करावी. जो जिंकेल त्याने प्रथम आपल्या जोडीदाराकडे पाहावे. एवढे झाले तर या मैदानावरून मंदिराकडे जाणारी वाट फार लांबची राहणार नाही. तशी सद्बुद्धी परमेश्वर आपल्या तरुणांस देवो, हीच या शुभप्रसंगी प्रार्थना.